भुशातला बर्फ

'दावोसला जाऊन आलो' असं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत मामेभावाचा निरोप आला : किती हजार कोटींचे करार झाले?

त्याचंही बरोबर आहे. आपल्याकडे दावोस हे गावाचं नावच नाही, ते जानेवारीत तिथे भरणाऱ्या जागतिक आर्थिक परिषदेच्या बातमीचं नाव आहे. मुख्यमंत्री, मागे निळा फलक, टेबलावर फायली, दोन कोटवाले एकच फाइल दोन्ही बाजूंनी धरून कॅमेऱ्याकडे बघताहेत. मी अकरा वर्षं स्वित्झर्लंडात आहे, पण माझ्याही डोक्यात दावोस म्हणजे तेवढंच होतं. तिथे माणसं राहतात, शेण टाकतात, नोव्हेंबरात गावाला कुलूप लावून माहेरी जातात, हे आप्पांना घेऊन गेले तेव्हा कळलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीसाठी आमच्याकडे बाडनला आले होते. फराळ, कंदील, नातवंडं, सगळं झालं. मग नोव्हेंबरातलं इथलं धुकं बसलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, झुरिकच्या आसपासच्या सखल भागावर या दिवसांत ढगाचं झाकण बसतं ते आठ-आठ दिवस हलत नाही. पाऊस नाही, वारा नाही, नुसती राखाडी चादर. गंमत अशी की हजार-बाराशे मीटरच्या वर त्याच वेळी लख्ख ऊन असतं. सातव्या दिवशी आप्पा खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "तिकडं आषाढ काढला, हितं बी आषाढच काढायचा का?"

मी फोन काढला आणि ढगाच्या वरची गावं शोधायला लागले. दावोसला एका म्हाताऱ्या बाईंचं स्वयंपाकघरासकट छोटं बिऱ्हाड दोन रात्रींना इतक्या कमी भाड्यात मिळत होतं की मला वाटलं काहीतरी चूक आहे. चूक नव्हती. स्कीइंगच्या गावांत उन्हाळ्यातले चालणारे लोक गेले आणि हिवाळ्यातले घसरणारे यायचे आहेत, अशी मधली पाच-सहा आठवड्यांची फट असते. तिला इथे 'झ्विशनसेझॉन' म्हणतात.

मी आप्पांना आधीच बजावलं, "हॉटेलं बंद असतील, केबल गाड्या बंद असतील, बघायला काही नसेल."

"मग बरंय," आप्पा म्हणाले.

हे 'बरंय' कुठून आलं ते सांगायला हवं. आमचं महाबळेश्वरच्या बाजारपेठेत चपलांचं दुकान होतं. चाळीस वर्षं. मी सीझनच्या गावात वाढलेली मुलगी आहे. आमच्या घरात 'सीझन' हा शब्द देवाच्या नावाइतक्या वेळा उच्चारला जायचा. दिवाळीला सुरू व्हायचा, एप्रिल-मेमध्ये जेवायला फुरसत नसायची, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग उतरले की एका रात्रीत गाव रिकामं. मग भिंतींना गवताच्या झड्या बांधायच्या, फळ्या लावायच्या, घोडेवाले घोडे घेऊन खाली वाईकडे उतरायचे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तो बहुतेक चार महिन्यांत. दुकानातला चामड्याचा माल घरी माळ्यावर यायचा आणि त्याला बुरशी धरू नये म्हणून आप्पा दर दोन-तीन दिवसांनी एकेक जोड तेलाच्या फडक्यानं पुसून शेगडीच्या उबेला ठेवायचे. माझ्या पावसाळ्याचा वास म्हणजे कोळसा, तेल आणि चामडं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना वाटायचं मी थंड हवेच्या ठिकाणी मजा करते. त्या कधी जुलैत आल्या नाहीत.

तर आप्पांना बंद गाव म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडी झुरिकहून निघाली तेव्हा बाहेर दूध सांडल्यासारखं होतं. वालेनझे तळ्यापाशी धुकं फाटायला लागलं आणि एका बोगद्यातून बाहेर आलो तर डोळे मिटावे लागले इतकं ऊन. लांडक्वार्टला उतरून लाल छोट्या गाडीत बसायचं. ही लाइन १८९० मध्ये दावोसपर्यंत पोचली. ती घातली होल्सबूर नावाच्या एका डच माणसानं. आजारी बायकोला हवापालटासाठी घेऊन तो इथे आला आणि इथलाच होऊन गेला. क्लोस्टर्सनंतर गाडी वळसे घेत चढते. आप्पांनी नाक काचेला लावलं होतं. "पसरणी घाट," एवढंच म्हणाले. मग वोल्फगांगची खिंड, मग डावीकडे दावोसचं तळं, काळंशार, काठाला साय धरावी तसा पातळ बर्फ. आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर लार्चची झाडं.

लार्चबद्दल दोन वाक्यं लिहिते, कारण या दिवसांत इथे यायचं ते खरं त्याच्यासाठी. सुईसारख्या पानांची झाडं बारा महिने हिरवी असतात असं आपण शाळेत शिकतो. लार्च ते मानत नाही. ऑक्टोबरात ते हळदीसारखं पिवळं होतं, मग तांबूस, आणि नोव्हेंबरात सगळ्या सुया टाकून मोकळं. आम्ही गेलो तेव्हा निम्म्या सुया झाडावर होत्या आणि निम्म्या वाटेवर. पाय टाकला की केशरी भुसा तुडवल्यासारखं वाटायचं.

गाव मात्र बंद म्हणजे बंद. प्रोमेनाड नावाचा लांबलचक मुख्य रस्ता आहे, दावोस डॉर्फ आणि दावोस प्लाट्स ही दोन टोकं जोडणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं, आणि बहुतेकांच्या दारावर एकच कागद : 'बेट्रीब्सफेरिएन', म्हणजे धंद्याला सुट्टी, अमुक तारखेला भेटू. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर. एका हॉटेलच्या पायरीवर चाळीस-पन्नास गाद्या उन्हाला टाकलेल्या. एका ठिकाणी रंगारी शिडीवर बसून रेडिओ ऐकत सँडविच खात होता. नगरपालिकेची दोन माणसं रस्त्याच्या कडेला लांब लाकडी काठ्या रोवत चालली होती. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गेला की नांगर चालवणाऱ्याला कड कुठाय ते या काठ्यांवरून कळतं.

आप्पा बंद शटर मोजत होते. खरंच मोजत होते. एका बाजूची सत्तावीस झाल्यावर म्हणाले, "झड्या न्हाईत, एवढाच फरक."

पुढे काँग्रेस सेंटर लागलं. जगप्रसिद्ध. आम्ही गेलो त्या दुपारी त्याच्या दारात एक मांजर बसलं होतं. ही इमारत १९६९ मध्ये बांधली आणि १९७१ मध्ये इथे ती जागतिक परिषद पहिल्यांदा भरली. आता जानेवारीतल्या त्या आठवड्यात या रस्त्यावरची चपलांची, चॉकलेटची, कपड्यांची दुकानं रिकामी करून कंपन्यांना आणि सरकारांना भाड्यानं दिली जातात. आप्पांना हे फार आवडलं. "म्हंजे बारा महिन्याचं एका आठवड्यात?" मी म्हटलं बारा महिन्यांचं नाही, पण बरंच. ते थोडा वेळ गप्प राहिले. हिशोब चालला असणार.

मग म्हणाले, "फोटो काढ." खिशातून मीग्रोसची पावती काढली (बटाटे दोन किलो, दही, कांदे), एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला धरायला लावलं, आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. तो फोटो मामेभावाला पाठवला आहे.

रात्री जेवायला बाहेर काही मिळेना. एक पिझ्झावाला उघडा होता, पण आप्पांना 'ते लवचिक' नको होतं. घरी येऊन मऊ भात, मेतकूट, तूप, दही. घरमालकीण बाई वरच्या मजल्यावर राहतात. वास आला म्हणून खाली आल्या, मेतकूट चमचाभर हातावर घेऊन चाखलं आणि 'सूप आहे का?' असं विचारलं. मी हो म्हटलं. कुठे समजावत बसणार!

दुसऱ्या दिवशी शात्सआल्पला जायचं ठरवलं. गावाच्या तीनशे मीटर वर डोंगराच्या कडेवर जुनं सॅनेटोरियम आहे. खालून दोराची रेल्वे जाते, १८९९ पासून. पण तिच्या दारावरही कागद : 'रेव्हिझिऑन'. दोर, चाकं, ब्रेक, सगळं उघडून तपासायचे हेच दिवस. आप्पांना म्हटलं राहू दे. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो. पण त्यांनी माकडटोपी कानांवर ओढली आणि चालायला लागले. "महाबळेश्वर चौदाशे मीटर. हे किती?" पंधराशे साठ. "मग? जरासं वर."

वाट जंगलातून वळणं घेत जाते. उताराला टेकलेल्या आप्पांच्या काठीचा ठकठक आवाज आणि लांब कुठेतरी लाकूड कापायचं यंत्र, बाकी काही नाही. वर पोचलो तेव्हा समोर ती लांब पांढरी इमारत, सगळ्या सज्जांची तोंडं दक्षिणेला. १९०० मध्ये हे सॅनेटोरियम उघडलं. क्षयाचे रोगी या सज्जांमध्ये पांघरुणं गुंडाळून दिवसचे दिवस पडून राहायचे, तेही हिवाळ्यात. हाच उपचार : ऊन, कोरडी थंड हवा, भरपूर खाणं आणि पडून राहणं.

दावोसची सगळी भरभराट या खोकल्यावर उभी राहिली आहे. श्पेंग्लर नावाचा जर्मन डॉक्टर राजकीय गडबडीत देश सोडून पळाला आणि १८५३ मध्ये या खोऱ्याचा सरकारी डॉक्टर झाला. इथल्या लोकांना क्षय होत नाही असं त्याला दिसलं. १८६५ च्या हिवाळ्यात पहिले दोन रोगी आले. त्याआधी हिवाळ्यात इथे मुद्दाम कोण येणार? मग रेल्वे, मग सॅनेटोरियमं, मग रोग्यांना भेटायला येणारे धडधाकट नातेवाईक, आणि त्या नातेवाइकांनी वेळ जात नाही म्हणून सुरू केलेले बर्फावरचे खेळ. विसाव्या शतकाच्या मध्याला औषधं आली, रोगी संपले, सॅनेटोरियमांची हॉटेलं झाली. शात्सआल्पचंही झालं. ते आता बंद होतं, अर्थात. काचेतून आत बघितलं तर जेवणघरात टेबलं भिंतीला लावून ठेवलेली.

आप्पा सज्जाखालच्या बाकावर बसले. मला वाटलं दमले. पण ते त्यांच्या थोरल्या आत्याबद्दल बोलायला लागले. तिला पाचगणीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. आप्पा सहा-सात वर्षांचे असतील. आजोबा त्यांना घेऊन जायचे, पण आत नेत नसत. बाहेर सिल्व्हर ओकच्या झाडाखाली उभं करून जायचे, आणि आत्या वरच्या व्हरांड्यातून हात करायची. "अशाच खुर्च्या होत्या," आप्पा म्हणाले. खुर्ची इथे एकही नव्हती. मी विचारलं, मग आत्या बरी झाली का? "झाली की. नव्वदीला गेली. तूच तिच्या मांडीवर मुतलीयंस."

बसल्या बसल्या खाली गाव दिसत होतं आणि आप्पांना एक गोष्ट खटकली. "हितं एवढं बर्फ पडतं म्हणतीस, मग घरं बिनउताराची कशी?" खरंच, दावोसची बरीचशी घरं सपाट छपराची आहेत, खोक्यासारखी. मला याचं उत्तर माहीत होतं याचा मला भयंकर आनंद झाला. उतरत्या छपरावरून बर्फ घसरून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतो. सपाट छपरावर तो तिथेच राहतो, थंडीत उबदार गोधडीचं काम करतो, आणि वितळलेलं पाणी इमारतीच्या आतून, जिथे ते गोठणार नाही अशा नळातून खाली नेतात. आप्पांनी ऐकून घेतलं. "पावसाला चालायचं न्हाई," म्हणाले. पत्र्याच्या छपराखाली जन्म काढलेल्या माणसाकडून यापेक्षा जास्त पसंतीची अपेक्षा नव्हती.

उतरताना घात झाला. आप्पांच्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. हे बूट मीच सहा वर्षांपूर्वी त्यांना पाठवले होते. त्यांनी ते जपून ठेवले. म्हणजे खोक्यात, कपाटात, महाबळेश्वरच्या सहा पावसाळ्यांत. चपलांचा धंदा केलेल्या माणसानं! मी बोलणार होते पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. मफलरचं टोक बुटाला बांधून आम्ही तासभर लंगडत खाली आलो.

खाली सगळं बंद. मोच्याचं दुकान कुठलं? पण एका स्कीच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं आणि आतून यंत्राचा आवाज येत होता. मी वाकून आत डोकावले. पन्नाशीचा एक माणूस, अंगात एप्रन, समोर स्कीच्या फळ्यांची भिंत. माझं जर्मन बाडनचं, त्याचं ग्राउब्युंडनचं, म्हणजे इथल्या डोंगराळ प्रांतातलं, अर्धं अर्धं समजत होतं. म्हणाला दुकान बंद आहे. मी आप्पांचा पाय दाखवला. त्यानं बुटाकडे बघितलं, मग आप्पांकडे, आणि शटर आणखी वर सरकवलं.

पुढचा दीड तास कसा गेला मला सांगता येणार नाही. मी फक्त दुभाष्याचं काम केलं, आणि अर्ध्या वेळेनंतर त्याचीही गरज उरली नाही.

ऑफ सीझनमध्ये स्कीचं दुकान म्हणजे आमचा माळाच. भाड्यानं द्यायच्या शेकडो फळ्या एकेक करून यंत्रावर घालायच्या, खालचा तळ घासून सपाट करायचा, दोन्ही कडांच्या पोलादी पट्ट्यांना धार लावायची, मग गरम मेण. बूट अडकवायची कुलपं असतात, पडल्यावर पाय मोडायच्या आत बूट सुटला पाहिजे अशी. ती यंत्रावर ताण देऊन तपासायची. आणि एका बाजूला बूट. छतापर्यंत बूट. कडक प्लॅस्टिकचे, चार-चार बकलांचे. आतला मऊ मोजा काढून वेगळा सुकवायचा, फवारा मारायचा, परत बसवायचा.

आप्पांनी एक बूट उचलला, उलटा केला, अंगठ्यानं तळ दाबला, आत हात घातला, नाकाशी नेला. मला लाज वाटली. दुकानदाराला वाटली नाही. तो पण तेच करत होता.

"नंबर कुठला?" आप्पांनी विचारलं. सव्वीस पॉइंट पाच. हे काय माप? मी विचारून सांगितलं : स्कीच्या बुटाला वेगळा नंबर नसतो, पाऊल जितके सेंटिमीटर तितका नंबर. आप्पांनी मान डोलावली. "बरोबर हाय. हे सहा-सात-आठ कुणी काढलं काय म्हाईत." आमच्या दुकानात ते गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं काढायचे, मला आठवतं. गिऱ्हाईक पुढच्या सीझनला आलं तर कागद काढून जोड तयार.

मग आप्पांनी त्याला बुरशीचं विचारलं. तो म्हणाला बुरशी नाही, इथली हवा कोरडी, त्रास वासाचा. आप्पांनी शेगडीची गोष्ट सांगितली. त्यानं बूट वाळवायचं यंत्र दाखवलं : नळ्यांचं झाड, प्रत्येक फांदीला एक बूट उलटा, आतून कोमट हवा. आप्पा त्या झाडापाशी बराच वेळ हात धरून उभे होते.

सोल बघून दुकानदार म्हणाला, बुटाला काही झालेलं नाही, डिंक मेला आहे. रात्रभर दाबून ठेवावं लागेल. आप्पांनी डब्याचं झाकण काढून सोल्युशनचा वास घेतला, खात्री पटली, मग सांगितलं : दोन्ही बाजूंना लाव, वाळू दे, मग चिकटव. मी हे भाषांतर करावं की नाही या विचारात असताना तो माणूस म्हणाला, "दोन्ही बाजूंना लावतो, वाळू देतो, मग चिकटवतो." मी आप्पांना सांगितलं, तो हो म्हणतोय.

तोवर घालायला त्यानं आप्पांना बर्फात घालायचे फुगीर बूट दिले. चंद्रावर जायचे असावेत तसे. "उद्या कुठे जाणार?" मी म्हटलं काही ठरलं नाही. तो म्हणाला, फ्ल्युएला खोऱ्यात जा. बर्फ बघा.

बर्फ? बाहेर दुपारी कोटाची बटणं उघडावी लागत होती. डोंगरांची टोकं सोडली तर पांढरं काही नव्हतं. गावालगत बोल्गनचं कुरण आहे, तिथून आम्ही सकाळी गेलो तेव्हा शेतकरी शेणखत फवारत होता. याच उतारावर २४ डिसेंबर १९३४ ला स्कीवाल्यांना ओढून वर नेणारी इथली पहिली लिफ्ट सुरू झाली, कोन्स्टाम नावाच्या झुरिकच्या इंजिनिअरनं बनवलेली. त्याआधी या उतारावर एकदा घसरायचं तर आधी पायी चढा. डिसेंबरात जिथे हजारो लोक घसरतात ती जमीन एरवी गाईंची असते. आप्पांनी छाती भरून वास घेतला आणि विदेशात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना हवा आवडली.

तर तिसऱ्या दिवशी डॉर्फच्या बाजूनं चालत फ्ल्युएलाच्या तोंडाशी गेलो. आणि खरंच : तपकिरी-पिवळ्या खोऱ्यातून बर्फाची एक पांढरी पट्टी गेलेली. जेमतेम रस्त्याएवढी रुंद, चार किलोमीटरची. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, आणि मधून घट्ट कपडे घातलेली पोरं लांब काठ्या मारत सूं सूं करत जाताहेत. सपाटीवरच्या स्कीइंगची ही धाव. इतर ठिकाणी हिमवर्षाव व्हायचाय, तोवर सरावाला इथे येतात.

हा बर्फ यंदाचा नव्हता, गेल्या हिवाळ्याचा होता. कडक थंडीत यंत्रांनी बनवून त्याचा मोठा ढीग घालतात, वसंतात त्यावर सुमारे ४० सेंटिमीटर जाडीचा लाकडाचा भुसा पसरतात आणि उन्हाळाभर तसाच सोडून देतात. ऑक्टोबर संपताना भुसा बाजूला करून ट्रकनं बर्फ वाहून पट्टी अंथरतात. तीन-चतुर्थांशांच्या आसपास बर्फ टिकतो. भुसा ऊन आत जाऊ देत नाही, आणि तो ओला असल्यानं त्यातलं पाणी उडताना थंडावाही देतो. बर्फाचा आणि हिमकड्यांचा अभ्यास करणारी स्वित्झर्लंडची संस्था दावोसमध्येच आहे, तिच्या शास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केला आहे. मी हे सगळं फलकावरून आणि फोनवरून वाचून, मोठ्या उत्साहानं, जर्मन शब्दांचं मराठी करत आप्पांना सांगत होते.

आप्पांनी मला मधेच थांबवलं. "अगं, गोळेवाला."

"काय?"

"गोळेवाला गं. लादी कशात ठेवतो?"

गोणपाटात. आणि गोणपाटाखाली भुसा. वेण्णा लेकवर मे महिन्यात गोळ्याच्या गाडीवर ती लादी यायची, वाईहून टेम्पोत, भुशानं माखलेली. गाडीवाला हातानं भुसा झटकायचा आणि रंध्यावर लादी घासायचा. गोळ्यात कधीकधी एखादा लाकडाचा तुकडा दाताखाली यायचा. मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे आणि इथे उभी राहून फलक वाचत होते!

आप्पा त्या चंद्राच्या बुटांत भुशाच्या ढिगापर्यंत गेले. बाजूला काढलेला ढीग, काळपट पडलेला, पुढच्या वर्षी परत वापरायचा. मूठभर हातात घेतला, दाबला, पाणी निघालं. वास घेतला. मग बर्फाच्या पट्टीच्या कडेला जाऊन, कुणी येत नाही बघून, एक पाऊल वर ठेवलं. त्यांच्या आयुष्यातलं बर्फावरचं पहिलं पाऊल, गेल्या वर्षीच्या बर्फावर. एक पोरगी जोरात जवळून गेली आणि काहीतरी ओरडली. पट्टीवर चालायचं नसतं. आप्पांनी तिला हात केला.

परत येताना ते बरंच बोलले, एरवी बोलत नाहीत तेवढं. दुकान भाड्यानं दिलं त्याला आता बरीच वर्षं झाली. तिथे फज आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान बारा महिने उघडं असतं. पावसाळ्यातही शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, लोक भिजायला येतात, धुक्यात सेल्फी काढतात. झड्या कोण बांधत नाही, निळं प्लॅस्टिक मारतात. "धंद्याला चांगलंच हाय," आप्पा म्हणाले. आणि थोडं पुढे गेल्यावर, "पर माल पुसायचा कधी?"

मी काही बोलले नाही. मला ते चार महिने कंटाळ्याचे वाटायचे. भिंतींना ओल, दप्तराला बुरशी, शाळेत फळा दिसत नाही इतकं धुकं वर्गात. पण आप्पा जेवायला घरी असायचे ते त्याच चार महिन्यांत, हेही खरं.

संध्याकाळच्या गाडीआधी बूट आणायला गेलो. सोल बसला होता, कड घासून साफ केली होती, आणि वर त्यानं दुसऱ्या बुटाचाही सोल काढून नव्यानं चिकटवला होता. तोही मेलाच असता म्हणाला. किती झाले? काही नाही, गल्ला अजून चालू नाही, मशीन डिसेंबरात लावणार.

आप्पांनी माझ्याकडे हात केला. पाच फ्रँकचं नाणं दे. इथलं पाच फ्रँकचं नाणं चांगलं जड, मोठं असतं, जुन्या चांदीच्या रुपयासारखं. दुकानदार दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता. आप्पा मला म्हणाले, "त्याला सांग, पैसे न्हाईत हे. भवानी हाय."

आता भवानीला जर्मनमध्ये काय म्हणायचं? मी प्रयत्न केला. पहिलं गिऱ्हाईक, पहिला पैसा, तो परत करायचा नसतो, सीझन चांगला जातो. तो ऐकत राहिला. मग त्यानं नाणं घेतलं, काउंटरचा रिकामा खण उघडला, आत ठेवलं आणि खण लावला.

आप्पांनी बाकावर बसून चंद्राचे बूट काढले, आतले मोजे बाहेर ओढून सरळ केले, आणि दोन्ही बूट उचलून त्या नळ्यांच्या झाडावर, रिकाम्या फांद्या बघून, उलटे लावून दिले.